धाकटीने कापलेले वळण

मी, खाली सही करणारी, कातड्याची पाकिटे आणि पिशव्या करून संसार ओढलेली बाई, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. मनाबद्दल त्यांनी काही विचारले नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती झाली नसती. आधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे, आणि ते का फाडले हे पुढे येईलच.

१. राहते घर, म्हणजे रस्त्याकडची दुकानाची खोली, मागची कामाची खोली आणि माळा, माझ्या एकुलत्या मुलाला मिळावे. बँकेतली शिल्लक त्याने आणि सुनेने निम्मी निम्मी घ्यावी. सूनबाईने माळा आवरायची घाई करू नये. तिथे चांगले कातडे आहे आणि तिला ते पायपुसण्यासारखे दिसते.

२. शिवणयंत्र शेजारच्या शिंप्याला द्यावे. कित्येक वर्षे तो माझ्या खिडकीतून त्याच्याकडे बघत आला आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवून जगणे काय असते ते मला ठाऊक असल्यामुळे मी त्याला कधी हाकलले नाही.

माझी लोखंडाची कामे करून देणारा वेल्डर या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून त्याच्या नावे काहीही नाही. त्याने रुसू नये.

३. माझ्या धाकट्या बहिणीला आधीच्या मृत्युपत्रात मी सुतळीचा तोडासुद्धा ठेवला नव्हता. त्याचे कारण लिहिते.

आमच्या वडिलांनी आम्हा दोघींच्या हातात एकाच दिवशी रापी दिली, म्हणजे कातडे कापायची रुंद पात्याची सुरी. धाकटीने पाकिटाचे गोल झाकण एका दमात असे कापले की बाबा बघतच राहिले. "हिच्या हाताला देणगी आहे," ते म्हणाले. मग माझा तुकडा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, तू आपली शिवत जा." पोटात दुखणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. ते दुखणे अजून गेलेले नाही.

लग्नानंतर आमची दोन दुकाने झाली, तीही एकाच रस्त्यावर समोरासमोर. ती हाताने कापायची आणि गिऱ्हाईक उभे राहून बघायचे. मला तसे जमेना, आणि बाजारातली तयार डाय, म्हणजे कातडे दाबून कापायचा साचा, परवडेना. शेवटी मी तिच्याकडून एक पाकीट दुसऱ्याच्या हाती विकत आणवले, टाके उसवले, आणि खोक्यांना बांधून येते ती पोलादी पट्टी झाकणाच्या कडेकडेने वाकवत गेले. पट्टीच्या एका कडेला कानशीने धार काढली. पहिल्यांदा धार आतून लावली, तर तुकडे तिरप्या कडांचे निघाले. बाहेरून लावली तेव्हा कड सरळ आली. पट्टी प्लायवुडच्या खाचेत बसवली आणि आत जुन्या रबरी चपलेचे तुकडे चिकटवले, म्हणजे कापलेले कातडे आपोआप वर येते. खाली भाजी चिरायची प्लास्टिकची फळी. दाब द्यायला वेल्डरने जोडून दिलेल्या लोखंडी चौकटीत गाडीचा जुना जॅक. भोकांसाठी मोडक्या छत्रीच्या नळीचे तुकडे. दांडा चारदोनदा हलवला की टक्क होते, आणि धाकटीचे वळण माझ्या हातात पडते.

तिने काही नवे केले की मी त्याचा साचा करायची. तिचे एक होईस्तोवर माझे ढीगभर. तरीही लोक तिच्याच दारात उभे. जॅक हलवणाऱ्या बाईकडे कोण बघतो?

मग एके दिवशी ती रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. दुकानात गिऱ्हाईक होते. तिने माझे एक पाकीट उचलले, झाकणाच्या कडेवर अंगठा फिरवला आणि हसत सुटली. "ताई, हा खड्डा बघ. कापताना मला शिंक आली न् रापी सरकली होती. तू माझी शिंकसुद्धा उचललीस गं!"

गिऱ्हाईकही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पाकीट ठेव आणि चालती हो," मी म्हणाले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. पट्टीतला तो खड्डा मी सरळ केला नाही, कारण केला असता तर तिचे म्हणणे मान्य केल्यासारखे झाले असते.

४. परवा तिची मुलगी आली. "मावशी, आईचा हात थरथरतो. रापी धरवत नाही. काल झाकण कापताना बोट कापून घेतलं. दुकान बंद करते म्हणते. तुझे साचे देशील का?"

"तिने पाठवलं तुला?"

"छे! तिला कळलं तर मला घरात घेणार नाही."

मी मनातून खूश झाले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. भाचीला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवले. मग खिडकीतून समोर पाहिले. धाकटी नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात कातडे, रापी मांडीवर पडलेली. दारात कोणी उभे नव्हते. हे बघायला मी आयुष्यभर टपून होते, आणि आता मला ते बघवेना.

मागच्या खोलीत जाऊन मी एक झाकण दाबून काढले. तेच वळण, शिंकेसकट. त्या हाताचा मी इतका हेवा केला, आणि तो हात आता कुठे उरला असेल तर माझ्या पट्ट्यांमध्ये. जुने मृत्युपत्र मी तेव्हाच फाडले.

५. म्हणून माझे सगळे साचे धाकटीचे. मात्र ते माझ्या मरणानंतर द्यायचे नाहीत. तसे दिले तर ती चार लोकांत रडेल आणि लोक तिलाच चांगली म्हणतील. वेल्डरने सही करून उठताच ते समोर नेऊन ठेवावेत आणि एवढेच सांगावे, की ताईने तुझा हात परत पाठवला आहे. शिंकेचा खड्डा तिने सरळ करू नये.

जॅक आणि चौकट मात्र माझ्याकडेच राहतील. वेल्डरने तिला दुसरी चौकट जोडून देऊ नये. ही अट त्याने सहीआधी मान्य केली आहे. साचे दाबायचे असतील तर तिने रोज रस्ता ओलांडून माझ्याकडे यावे. मी गेल्यावर जॅकही तिचा, चौकटही तिची. तोवर नाही.

सही: ताई

साक्षीदार: १. वेल्डर (सही) २. डॉक्टर (सही)

ठिकाण: दुकानाची खोली, खिडकीजवळ

तारीख: आजचा सोमवार, समोरचे दुकान अजून उघडे असताना