दादाच्या पेशी

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, खोली उबदार आहे, खाण्यापिण्याची आबाळ नाही. वहिनीची पाठ कशी आहे? आई अजून तुझ्या पायांना तेल चोळते का?

तुझ्या कातडीच्या तुकड्यापासून वाढवलेल्या, हातपाय आणि जीभ हलवणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी मी इथे प्रयोगशाळेत रोज बघायचे. तुझ्या आजारात पेशीतल्या प्रथिनांची घडी बिघडते. मग पेशी मदतनीस प्रथिनं बनवून ती घडी नीट करू बघते. पसारा आवरेनासा झाला, की स्वतःलाच मरायचा निरोप देते. तुझ्या पेशी खूप झगडल्या रे, तुझ्यासारख्याच हट्टी.

नवं औषध दिलं, तरी काल एकही जिवंत दिसली नाही. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "पेशींची डिश टाकून दे, दुसऱ्या वाढवू."

"सर, त्या माझ्या भावाच्या आहेत."

मग ते डिश स्वतःच उचलून घेऊन गेले.

तू विचारलं होतंस म्हणून खरं सांगते, या औषधाची वाट बघू नकोस. आईला मात्र काम चालू आहे एवढंच सांग.

मी रजा टाकली आहे. तुला बोलता येतंय तोवर मला तुझ्याशी पोटभर भांडून घ्यायचंय.

तुझीच,
धाकटी