चादर फाटलेली नव्हती

ता. ९ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. ते मनापासून आहेत, पण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. तुझ्या मुलीची परीक्षा कशी झाली ते कळव. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये असं तुझ्या बायकोचं मत आहे. तिला सांग, मी काही तुझी सख्खी मावशी नाही, तुझ्या आईची शाळेतली मैत्रीण आहे. सख्ख्या मावशीला मर्यादा पाळाव्या लागतात, मला नाहीत.

आता मुद्दा. फोनवर तू "हो मावशी, बघतो मावशी" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या आईच्या हातांना पिशव्या बांधल्या आहेत. वृद्धाश्रमातली मेट्रन त्यांना "संरक्षक हातमोजे" म्हणते. बोटं नसलेला, मनगटाशी बंद आवळलेला हातमोजा म्हणजे पिशवीच. तिला पाण्याचा पेला धरता येत नाही, नाक खाजलं तर आयाबाईला हाक मारावी लागते. आणि याला तू परवानगी दिलीस. फोनवर! भाजी आणू का विचारल्यावर "आण" म्हणावं तशी.

मेट्रनचं म्हणणं तुला माहीत आहे. आई चादरी फाडते, आणि धागे बोटाला इतके घट्ट गुंडाळते की बोट निळं पडतं. मी तिला म्हटलं, "मला ती फाडलेली चादर दाखवा." ती म्हणाली, "मॅडम, फाटक्या चादरीत काय बघायचंय?" मी म्हटलं, "मी गिरणीच्या तपासणी खात्यात जन्म घालवला आहे. लोक सिनेमा बघतात, मी कापड बघते. आणा."

तिनं कपाटातून काढून दिली. मी ती खिडकीवर उजेडाशी धरली.

ढब्बू, ती चादर फाटलेली नव्हती.

नीट वाच, कारण तुला कापडातलं ओ की ठो कळत नाही. साधी वीण म्हणजे एक धागा वर, एक खाली, पुढच्या ओळीत उलट. झालं. मांजरपाट तोच, मलमल तीच, पॉपलिन तेच, तंबूचा कॅनव्हासही तोच. कुठे धागा जाड, कुठे बारीक, कुठे दाट ठासलेला, कुठे विरळ, एवढाच फरक. कापड फाडलं की चीर काठ तोडून आरपार जाते, वाटेतला प्रत्येक धागा तुटतो आणि कडेला दशा लोंबतात. तुझ्या आईच्या चादरीत उभा एकही धागा तुटलेला नव्हता. काठापासून दोन बोटं सोडून, फक्त आडवे धागे, एकापाठोपाठ एक, ओळीत काढले होते. दोन्ही टोकांना सारखी जागा राखलेली. मधे उभ्या धाग्यांची शिडी उरलेली.

याला जाळीकाम म्हणतात. आडवे धागे काढायचे, उरलेल्या उभ्यांचे सुईनं जुडगे बांधत जायचं, की काठाला जाळीची पट्टी तयार होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं आम्हाला तेच शिकवलं. आणि काढलेला धागा बोटाला गुंडाळायचा, कारण जमिनीवर एक तूस दिसलं तर सिस्टर अख्ख्या वर्गाला झाडायला लावायची. म्हणून ते निळं बोट! तुझी आई स्वतःला इजा करत नाही, केर होऊ नये म्हणून जपते आहे. सुई कुणी दिली नाही, म्हणून ती अर्ध्यावर अडते आणि पुढची चादर घेते.

मी हे सगळं मेट्रनला सांगितलं. ती म्हणाली, "असेल मॅडम, पण चादरीचं काय? आणि निर्णय मुलाचा." वाईट बाई नाही. पोटरीला सूज असून दिवसभर जिने चढते. पण तिला चादर दिसते, मला काम दिसतं. त्यातून तिथल्या चादरी पॉलिएस्टर मिसळलेल्या, इतक्या ठासून विणलेल्या की धागा सरकायच्या आधी तुटतो. तशा कापडात तुझ्या आईनं एवढी सरळ ओळ काढली. माझ्या हाताखालच्या कुणाला जमली नसती.

तेव्हा तू एक फोन कर. पिशव्या काढायला सांग. कापड मी पुरवते, बोथट सुई मी पुरवते, पाहिजे तर समोर बसून मोजून परत घेते.

तू निरोप पाठवलास की "मावशी, तू येऊन गेलीस की आई बिथरते असं मेट्रन म्हणते, काही दिवस जाऊ नकोस." बिथरते म्हणे! मला बघून बिथरायला मी काय वसुलीवाली आहे? मी जाणार.

ती मला ओळखते का, हेही तू विचारलं होतंस. तिचं जेवण व्यवस्थित आहे, रंगही बरा आहे.

फोन कर.

तुझी,
संतापलेली मावशी


ता. १ डिसेंबर

चि. ढब्बूस,

फोन केलास, बरं केलंस. मेट्रननं त्याच दिवशी पिशव्या सोडल्या. मनगटावरचे वळ आता गेले आहेत. तू तिला "माझ्या मावशीचं ऐका, नाहीतर ती तुम्हाला कापडावर व्याख्यान देईल" असं म्हणालास, ते मला कळलं. व्याख्यान देऊन झालं होतं.

कापडाचं सांगते. आधी मॅटी नेली. मॅटी म्हणजे साधी वीणच, पण धागे जोडीजोडीनं जातात, चटईसारखे चौकोन दिसतात, शिकणाऱ्याला सोपं पडतं. तुझ्या आईनं हातात घेतली, दोन बोटांत चोळली आणि परत दिली. "हे लहान वर्गाचं." माझी मेली अक्कल! मग मलमल नेली, ती तिच्या हातात विस्कटली. पॉपलिन मीच दुकानातून परत फिरवलं. त्यात उभे धागे इतके दाट असतात की आडवा ओढताना जीव जातो. शेवटी जरा मोकळ्या विणीचं लिनन मिळालं, उभे-आडवे सारखे, धागा बोटाएवढा लांब सहज सरकणारा. ते तिनं मांडीवर पसरलं, कड शोधली, आणि दात ओठावर धरून कामाला लागली. तेव्हापासून एकाही चादरीला हात लावलेला नाही. दुखणं तिचं नव्हतंच, चादरीचं होतं, असं मी मेट्रनला म्हटलं. ती हसली. मला वाटलं, जिंकले.

पुढचं लिहायला मला चहाचा दुसरा कप लागला.

लिनन मिळाल्यावरही ती मी आले की कापड उशीखाली सारायची. मी म्हणायची, "दाखव बघू." ती म्हणायची, "झालंच आहे, थोडं राहिलंय." मला गंमत वाटायची. मग एकदा आयाबाईनं मला दाराबाहेर गाठलं. म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुम्ही गेलात की त्या जेवत नाहीत. म्हणतात, सिस्टर तपासायला आल्या होत्या, माझं पुरं झालं नाही, आता नापास करतील."

"कोण सिस्टर?"

आयाबाईनं बोट माझ्याकडेच केलं.

ढब्बू, ती मला ओळखत नाही. कधीपासून, ते मी सांगत नाही, कारण मी ते कधीपासूनच स्वतःलाही सांगत नव्हते. पांढरे केस मागे चापून बांधलेले, राखाडी कपडे, गळ्यात साखळीला चष्मा. आणि वर मी उभी. गिरणीत आम्ही कापड उभ्यानंच तपासायचो, टेबलावर वाकून, दोष शोधत. ती सवय अंगात मुरली आहे. तिच्या पलंगाशीही मी तशीच उभी राहायची, तशीच वाकायची. तिनं मला सिस्टर समजावं यात तिची काय चूक? आणि त्या चादरी? माझ्या धाकानं, राहिलेला गृहपाठ पुरा करायला.

म्हणजे मेट्रन खरं बोलत होती. ती बिथरायची, आणि माझ्यामुळेच बिथरायची. मी इतकी ओरडून तुझ्याशी भांडले, त्यात मी धागे मोजण्यापुरती बरोबर होते आणि बाकी सगळ्यात चूक.

जाणं बंद करावं असं मनात आलं. तूही तेच सुचवलं होतंस. पण मग मी दिवस कसे काढायचे, हे तुला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगणार नव्हते. आता सांगितलं. तुझी आई सोडून मला एकेरीत हाक मारणारं या जगात कुणी उरलेलं नाही. हाकही बंद झाली आहे, पण ती मारू शकेल असं माणूस तेवढं आहे.

म्हणून गेल्या वेळी वेगळी गेले. शेजारणीचा लाल स्वेटर मागून घातला. "कुणाच्या लग्नाला?" असं शेजारणीनं विचारलंच. चष्मा पिशवीत. केस सोडून दोन वेण्या घालायचं धाडस मात्र झालं नाही, अंबाडाच जरा ढिला केला. खोलीत गेले, ठेंगणं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. समोर नाही, शेजारी. त्याच लिननचा तुकडा काढला आणि काठ दुमडून शिवायला घेतला.

शिवण मला कधीच आली नाही. कापडातले दोष काढणं वेगळं.

बराच वेळ ती आपलं काम करत राहिली. उशीखाली काही गेलं नाही. मग तिनं माझ्या हाताकडे तिरकं बघितलं.

"ए, टाके आहेत का कोयते? सिस्टर बघेल ना."

"बघू दे."

"मार खाशील." मग हळूच, "दे इकडे."

तिनं माझा अख्खा काठ उसवला, दातानं धागा तोडला आणि नव्यानं घालायला लागली. बारीक, सारखे. तोंड चालूच, "एवढंही येत नाही, मधे मधे कर फक्त." मी म्हटलं, "मला नाहीच येत."

"तू आमच्याच वर्गात ना?"

"मग! तुझ्याच बाकावर."

ती थांबली. सुई तशीच हवेत. म्हणाली, "मग इतके दिवस कुठे होतीस गं?"

मी म्हटलं, "बरं नव्हतं." तिनं मान हलवली, आणि तो काठ पुरा करून माझ्या मांडीवर टाकला. संध्याकाळी जेवली. आयाबाईनं मुद्दाम फोन करून कळवलं.

आता तुझ्यासाठी. सुट्टी मिळाली की ये. सगळ्यांना घेऊन नको, एकटा ये. दारात उभं राहून "आई, मी कोण, ओळख" असं विचारू नकोस. ती परीक्षा आहे आणि ती परीक्षांना भिते. तुझं नाव ती घेत नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. शेजारी बस. कापड मी देईन. सुईत दोरा ओवता आला नाही तर फार उत्तम, तो तिच्यापुढे धर. ती तुला मुलगा म्हणेल, भाऊ म्हणेल, की नुसतं "ए" म्हणेल, ते तिच्यावर सोड. जे म्हणेल त्याला ओ दे.

सुनेला आणि मुलीला आशीर्वाद. माझा काठ सोबत पाठवत नाही, तो मला हवा आहे.

तुझ्या आईच्या बाकावर बसणारी,
तुझी मावशी