बाकड्याच्या खुंट्या

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे, डबा ओट्यावर. आज ऑफिसला लवकर जायचंय, म्हणून तुम्हाला न उठवता निघते.

तुम्हाला न विचारता तुमची हत्यारांची पेटी उघडली, रागावू नका. गॅलरीतल्या बाकड्याचा पाय निखळला तेव्हा तुम्ही म्हणालात, "भंगारात देऊन टाक, लतिका. या उजव्या हाताने आता काही व्हायचं नाही." मी हो म्हटलं, पण मला ते देववलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा बसवलंत ते त्याच बाकड्यावर.

गेला आठवडाभर तुम्ही फिजिओथेरपीला गेलात की मी तो पाय पुन्हा जोडायला लाकडी खुंट्या करत बसायचे. सागाची काडी पटाशीने सोलून गोल करायची आणि लोखंडी पट्टीच्या भोकातून ठोकून काढायची, हे तुम्हाला करताना किती वर्षं बघितलंय. तरी नऊ फुटल्या. चार बऱ्या निघाल्या, त्या टेबलावर वाटीत ठेवल्यात.

बोटाला जरा पटाशी लागलीय. यशोधनला फोनवर सांगू नका, तुमचा लेक तिकडे बोटीवर उगाच काळजी करत बसेल.

काल एक खुंटी बसवायला घेतली आणि घाबरून काढली. किती जोरात ठोकायचं ते मला कळत नाही, तुम्हाला आवाजावरून कळतं. संध्याकाळी मी बाकडं धरते, तुम्ही डाव्या हाताने ठोका. खुंटी फुटली तर फुटू दे. मी दुसरी करीन, आता मला येतात.

लतिका