खात्रीचा शब्द

फळा पुसत होते, आई, तेवढ्यात रोशनीने माझा हात धरला. ती उरणची कोळीण, पनवेलला माझ्या इंग्रजीच्या वर्गात येते. तिचा नवरा शैलेश खलाशी आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या जहाजाचा संपर्क तुटला. कंपनीशी इंग्रजीत बोलावं लागेल, म्हणून ती शिकतेय.

मी सांगितलं होतं, नुसती वाट पाहायची तर ‘वेट’, माणूस येणार हे ठाऊक असेल तर ‘एक्स्पेक्ट’.

“मॅडम, तो खात्रीवाला नाय पुसायचा. मना तोच पायजे.”

मी वाक्य करून दिलं. तिने पाठ केलं.

मी बरी आहे. तुझा खोकला? रविवारी मला धरून भात टाकू नकोस.

पत्र काल इथवरच लिहून राहिलं. आज सकाळी रोशनीला कंपनीचा फोन आला. त्या माणसाने मराठीतच सांगितलं, शोध थांबवला.

तुझी,
प्राची