पुडीतल्या गोळ्या

चेंबूर, १४ नोव्हेंबर १९८६

चि. लवूस प्रेमाताईचे अ. आ. वि. वि.

लोखंडी कपाट एकट्याने तिसऱ्या माळ्यावर चढवायला तुला कुणी सांगितलं होतं रे? खांद्याची वाट लागणारच! माझ्या कमरेला मात्र झकास आराम आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्याच गोळ्या बाजारात एक माणूस सुट्या विकतो, निम्म्या किमतीत. थोडी गुंगी येते, एवढंच. ह्यांच्याबरोबर पुडी पाठवते आहे. घे आणि गप पडून राहा. क्षमाला आशीर्वाद. ओरडले तरी लोभ आहेच, तुझाही राहू दे.

तुझी ताई

नाहूर, १९ नोव्हेंबर १९८६

ती. वन्संना क्षमाचा शि. सा. न. वि. वि.

त्या गोळ्या घेऊ नका एवढंच सांगायला धोंडूभावजींना तुमच्याकडे धाडलं, तेव्हा सगळं सांगायला वेळ नव्हता. रविवारी दुपारी ह्यांनी पुडीतल्या दोन गोळ्या घेतल्या आणि खुर्चीतच घोरू लागले. घोरणं विचित्र, घशात घरघर झाल्यासारखं. आधी म्हटलं, झोपू दे. मग पाहते तर ओठ निळे! हाका मारल्या, चिमटे काढले, डोळे उघडेनात. शेजारच्या धोंडूभावजींनी टॅक्सी आणली. वाटभर मी श्वास घ्या, श्वास घ्या म्हणून ओरडत होते.

इस्पितळात इंजेक्शन दिलं तसे हे जागे झाले आणि डॉक्टरांनाच विचारू लागले, जेवलात का! गुंगी पुन्हा चढू शकते म्हणून एक दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नकली आहेत, आत अफूच्या जातीचं औषध. एका गोळीत नावापुरतं, तर दुसरीत जीव जाईल इतकं. वन्सं, त्याच गोळ्या घेऊन तुम्ही वाचलात हे नशीब. असं कुणी घोरू लागलं तर झोपू द्यायचं नाही, कुशीवर वळवून तडक इस्पितळ गाठायचं.

आता हे ठणठणीत आहेत. तुमच्यावर कुणाचाही राग नाही. तीस तारखेला रविवार आहे, जेवायलाच या. माया आहे तशीच असावी.

तुमची क्षमा

चेंबूर, २४ नोव्हेंबर १९८६

चि. क्षमास अ. आ.

धोंडू आला तेव्हा मी गोळी घ्यायला पाणीच ओतत होते. उरलेल्या गोळ्या आमच्या डॉक्टरांच्या हवाली केल्या. तो विकणारा पळाला, पण बाजारात भेटेल त्या बाईला मी गाठून सांगते आहे. कंबर दुखते. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, तो कुरकुरत करते.

तुम्हाला तोंड कसं दाखवू, याच विचारात होते गं. तुझं पत्र वाचून पोटभर रडले, मग पोटभर जेवले. रविवारी येते. लवूला म्हणावं, हवं तितकं भांड. मी नुसती समोर बसून त्याचा श्वास बघणार आहे. हसला तर हसू दे.

तुम्हा दोघांची,
प्रेमाताई