गाभडलेल्या शेळ्या विकू नका

राजाजीनगर, बेंगळुरू

प्रिय कस्तुरी,

तू इथून परत गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. फोन केला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावतात, म्हणून हे पत्र. माझा मित्र सुधींद्र निपाणीला निघालाय, तो तुझ्याच हातात देईल.

आधी शेळ्यांचं. तुझे कृष्णातराव गर्भ पडून गाभडलेल्या चारही शेळ्या बाजारात काढायच्या म्हणतात. त्यांना सांग, थांबा. त्यांना झालेला हा आजार एकदा होऊन गेला की तीच शेळी पुढच्या वेताला सहसा नीट विते. शेळ्यांना घालायच्या भरड्याची कणगी मात्र झाकलेली हवी. बाकीच्या गाभण शेळ्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध खाण्यातून चालू ठेवा. मेलेलं करडू आणि त्याच्यामागून पडलेली वार उघड्या हातानं उचलायची नाही, खोल पुरून वर चुना टाकायचा.

आता मांजराचं. शेजारच्या कावेरीअक्कांकडून ते पिल्लू मीच मागून घेतलं आणि दिवाळीला टोपलीतून तुझ्याकडे पोचवलं. अक्का म्हणाल्या होत्या, स्वल्प दूध घाला, उंदरांचं ते बघून घेईल. बघितलंच त्यानं. उंदरांतून रोग घेतला, भरड्यात घाण केली आणि तोच भरडा शेळ्यांनी खाल्ला. मी सोळा वर्षं जनावरांच्या प्रयोगशाळेत हेच जंतू बघतोय, आणि बहिणीच्या कणगीवर मांजर बसवून आलो. दिव्याखाली अंधार!

पहिल्या दोन शेळ्या गाभडल्यावर तुम्ही तपासणीला करडू पाठवलंत. अहवाल माझ्याच टेबलावर आला. मी लगेच फोन करून झाकण, चुना, सगळं सांगितलं. एक सोडून. तुला दिवस गेल्याचं तुझ्या वहिनीनं, सुचेतानं, मला आठवडाभर आधीच सांगितलं होतं. पण तीन महिने भरायच्या आत बोलायचं नसतं, आणि भावानं तर विचारायचंच नसतं. मी माहीत नसल्याचं सोंग केलं. गरोदर बाईनं गोठ्यात जाऊ नये, एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. पुढच्या दोन शेळ्यांची वार तूच उचललीस, आणि चौथ्या महिन्यात तुझं बाळ गेलं.

नंतर आमच्याकडे पंधरा दिवस होतीस, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुझं रक्त तपासलं. अशक्तपणा आहे, असं मी तुला सांगितलं. खोटं होतं ते. शेळ्यांच्या अहवालातलं रोगाचं नाव तुझ्या कागदावरही होतं, आणि तो कागद मी कपाटात ठेवला. तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, माझाच पायगुण वाईट असेल अण्णा. तरी मी कपाट उघडलं नाही. लाज वाटली, दुसरं काय!

काल आईचा फोन आला. सासूबाई तुला चारचौघांत ‘गाभडली’ म्हणाल्या म्हणे, जनावराचा शब्द, आणि आता तुला कायमची माहेरी धाडायचं चाललंय. तो कागद या पत्रात आहे. कागद आणि पत्र, दोन्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मांजर मी दिलं, गप्प मी बसलो. तुझ्या पायगुणाचा दोष नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणतात, सहा महिने जाऊ देत, पुढच्या बाळाला या आजाराची आडकाठी नाही. सासूबाईंना जनावराचा शब्दच लावायचा असेल, तर जनावराचा नियमही लावा म्हणावं: गाभडलेली शेळी विकायची नसते. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, पण हे वाच.

तुझाच,
अण्णा