पायरीवरचा पाहुणा

३ मार्च

चि. धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

येते येते म्हणून तू काही येत नाहीस. पण माझ्याकडे पाहुणा आला आहे. गेले दोन दिवस भरदुपारी एक कोल्हा मागच्या पायरीवर येऊन बसतो. हाकललं तरी हलत नाही. पाव टाकला, पाणी ठेवलं. नुसता बघत राहतो. लाळ गळते, म्हातारा असेल. काल वाटी उचलताना त्याने माझा हात चाटला. सुरीने कापलेलं बोट चांगलंच झोंबलं. तुझे भाऊजी गेल्यापासून इतक्या विश्वासाने जवळ कोणी आलं नव्हतं. हसू नकोस.

लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावरही उतरव.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस, सा. न.

हसले नाही. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र आमच्या प्रयोगशाळेच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. बोट साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धू आणि त्याच गाडीने दवाखान्यात जा.

आठवडाभर मी कोल्ह्यांचे मेंदूच तपासते आहे. मान वर करायला सवड नाही. थंडीत नर मादीसाठी भांडतात, चावतात. लाळेतला रेबीज जखमेत शिरतो, नसांमधून हळूहळू मेंदूपर्यंत चढतो आणि तिथून पुन्हा लाळेत उतरतो. मग कोल्हा माणसाला भिणं विसरतो. घसा आखडतो, पाणीही गिळवत नाही. ताई, तो विश्वास नव्हता गं. तुझ्या बोटातून रेबीज वर चढायच्या आत लस टोचली पाहिजे. एकदा लक्षणं दिसली की आमच्या हातात काही उरत नाही.

आज जा, उद्या हवं तेवढं रागाव.

तुझीच धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

एक इंजेक्शन तेवढं राहिलं आहे. दंड दुखतो, बाकी ठीक. ड्रायव्हर आला तेव्हा कोल्हा पायरीशीच मरून पडला होता. हातमोजे घालून त्याने तो बर्फाच्या डब्यात भरला. तो तुझ्याच टेबलावर आला आणि त्याला रेबीजच निघाला, हे तुझ्या दोन ओळींवरून कळलं. अक्षर तुझं वाटत नव्हतं.

पायरी घासून धुतली. तरी दुपारी दार उघडताना नजर तिकडे जातेच.

तो आजारामुळे आला होता, मान्य. धडधाकट माणसं कधी येणार, तेवढं कळव.

वाट पाहणारी,
ताई